घाडीकाकांची दोन मिनिटं

मुंबईत थंडी मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसासारखी येते. दारात उभ्या उभ्या आत डोकावते, काहीतरी टिपून घेते आणि पुढच्या घरी जाते. तेवढ्यासाठी आमची माणसं माळ्यावरून स्वेटर काढतात, सकाळी दात वाजवून दाखवतात आणि दुपारी तोच स्वेटर कमरेला बांधून घाम पुसत फिरतात. त्या स्वेटरांना डांबरगोळीचा वास असतो. जानेवारी संपत आला की मला आधी तो वास येतो आणि त्याच्या मागोमाग विक्रोळीच्या खाडीतल्या चिखलाचा, डब्यात मऊ पडलेल्या तिळाच्या वड्यांचा आणि ओल्या शाईचा.

आमची विक्रोळीची कॉलनी पाडलीय. नवी बांधून होईपर्यंत आम्ही कांदिवलीला भाड्याने राहतो. काल इथल्या नाक्यावर हुतात्मा दिनाचा फ्लेक्स लागला. अभिवादन करणाऱ्यांचे चेहरे दाराएवढे, दात मोजता येतील इतके स्पष्ट. ज्यांना अभिवादन करायचं ते वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्यातल्या एकाच्या कपाळातूनच बांबूला बांधायची तार ओवली होती. मी रस्त्यात थांबले. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. माझ्या डोक्यात मात्र पत्रक सुरू झालं होतं : ‘नागरिकांनो! देशासाठी मेला कोण, आणि हसतंय कोण?’

हे माझ्या डोक्यात आपोआप होतं. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. घरात फळीवर पत्रक, लोणच्याच्या बरणीखाली पत्रक, माझ्या पाठ्यपुस्तकाला कव्हर पत्रकाचं. मी वाचायला शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो!’ यावरून, त्यामुळे उद्गारचिन्ह हे मुळाक्षरच आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आईने मीठ आणायला सांगितलं की बाबा ‘मीठ मिळालेच पाहिजे!’ म्हणत जिना उतरत. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. बारशाचं आमंत्रण म्हणूनही पत्रकच वाटलं होतं, असं आई सांगते. ती थट्टा करते की खरं सांगते, हे मला अजून कळलेलं नाही.

विक्रोळीचा जानेवारी मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. विजेच्या तारांवर लटकलेले संक्रांतीचे पतंग. शाळेच्या गॅदरिंगची तालीम, एकच गाणं दिवसभर आणि प्रत्येक वेळी त्याच कडव्याला चुकणारी मुलं. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी गटारापाशी पडलेले कागदी झेंडे. मी आणि बाबा ते वेचायचो. बाबा प्रत्येक झेंडा झटकताना व्यवस्थेविषयी काहीतरी कडक बोलत, आणि मी ‘धिक्कार असो’ म्हणून साथ देई. मग महिनाअखेरीला हुतात्मा दिन.

कॉलनीच्या फाटकाशी, बदामाच्या झाडाखाली एक काळा दगड होता. त्यावर एकच नाव : दिनकर कांबळे. दिनकरकाका आमच्याच मजल्यावर वाढले, फौजेत गेले आणि सीमेवरून परत आले नाहीत. मी तेव्हा पाळण्यात होते. माझ्यासाठी ते म्हणजे तो दगड, त्यावरची अक्षरं आणि आमच्या शेजारी राहणाऱ्या कांबळेकाकू. हुतात्मा दिनाला काकू पांढरी साडी नेसून यायच्या आणि दगडापुढे मेणबत्ती लावायच्या. मंडळाचे अध्यक्ष घाडीकाका नारळ वाढवायचे. मेणबत्ती आधी की नारळ आधी, यावर फार पूर्वी एकदा मोठी सभा झाली होती म्हणे. तेव्हापासून दोन्ही एकाच वेळी व्हायचं, आणि नारळाच्या पाण्याने मेणबत्ती विझायची.

घाडीकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मंडळ निघालं तेव्हापासून ते अध्यक्ष, कारण अध्यक्ष बदलायला बोलावलेल्या सभेतही तेच बोलत राहायचे. अकरा वाजले की ते माईकवर म्हणायचे, “आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून वीरांना आदरांजली वाहूया.” मग ते डोळे मिटायचे. म्हणजे एक डोळा. दुसरा शर्टाच्या खिशातल्या भाषणावर असायचा. एक खोल श्वास, एकदा घसा खाकरणं, आणि आमच्या माना पुरत्या खाली पोचायच्या आत, “धन्यवाद! बसून घ्या!”

पूर्वी असं नव्हतं. बाबांच्या कंपनीचा भोंगा त्या दिवशी दोनदा व्हायचा, स्तब्धता सुरू करायला एकदा आणि संपवायला एकदा. दोन मिनिटं भोंग्याच्या ताब्यात होती. कंपनी बंद पडली, भोंगा गेला, तिथे काचेची उंच इमारत आली, आणि दोन मिनिटं घाडीकाकांच्या ताब्यात गेली.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते त्या जानेवारीत एका संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. हातात मोठी कापडी पिशवी. ती त्यांनी धपकन खाली ठेवली. आत शालीच शाली होत्या.

“ह्या घाडीभाऊंना परत द्या,” काकू म्हणाल्या. “मुंबईत शाल पांघरतं का कुणी? कपाट उघडलं की अंगावर पडतात. आणि ह्या वर्षी मी यायची नाही.”

बाबा ताठ बसले. “वहिनी, आमचं काही चुकलं का?”

“चुकतंय कुठे? सगळं अगदी बरोबर चालतं. मी खुर्चीत बसते, घाडीभाऊ बोलतात, मी शाल घेते, उठते. ह्यात आमचे हे कुठेच नसतात.”

माझं रक्त उसळलं. “काकू, आपण जाहीर निषेध करू!”

“निषेध नको गं बाई. मला दोन मिनिटं हवीत.”

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. काकू कपाकडे बघत बोलत राहिल्या, आवाज न चढवता, भाजी महागली हे सांगावं तशा.

“बातमी आली त्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलतायत. साहेब बोलले, पुढारी बोलले, गावचे बोलले. अभिमान बाळगा. धीर धरा. रडायचं नाही, वीरपत्नी तुम्ही. अगं, मी तोंड उघडायच्या आत माझं उत्तरसुद्धा तेच देऊन टाकतात. वर्षातून दोन मिनिटं अख्ख्या देशाला गप्प उभं राहायला सांगतात. मला वाटलं, तेवढी तरी माझी. त्यात मी ह्यांची आठवण काढायला बसते. ह्यांचा चेहरा नुकता कुठे यायला लागतो, आणि घाडीभाऊ धन्यवाद म्हणतात.”

बाबांनी शालींची पिशवी जवळ ओढून घेतली.

“पुरती दोन मिनिटं देणार असाल तर येते,” काकू उठत म्हणाल्या. “नाहीतर आजपासून बंद. दगडापाशी मी माझी एकटी जाईन. मंडळाने आपल्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवावं.”

मी तशीच वर गेले. घाडीकाका पायावर टॉवेल टाकून टीव्ही बघत होते.

“काका, तुम्हाला दोन मिनिटं गप्प राहता येत नाही, म्हणून कांबळेकाकू येणार नाहीत.”

“माका?” घाडीकाकांनी टीव्ही बंद केला. “माका गप रवाक येना नाय? गो क्रांती, तुका काय म्हायत?” आणि पुढचा अर्धा तास आपण किती मितभाषी आहोत हे ते मला सांगत होते. त्यात त्यांच्या मालवणच्या शाळेतले मास्तर येऊन गेले, लग्नातलं मौन येऊन गेलं, घशाचं ऑपरेशनही येऊन गेलं. शेवटी ते दारापर्यंत आले आणि जिन्यात चार शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाले, “शपथ घेतंय! ह्या वर्षी स्तब्धता मोडणारो पहिलो शब्द माझ्या तोंडातून येवचो नाय. आधी दुसरो कोणतरी बोलतलो, मगेच मी!”

घाडीकाका सुधारले. पण फक्त घाडीकाका गप्प राहून काय होणार होतं? आमची कॉलनी म्हणजे आवाजाचीच कॉलनी. फाटकाबाहेर रस्ता खोदणारं ब्रेकर मशीन. अकराच्या सुमाराला हॉर्न वाजवत येणारा इडलीवाला. त्याच वेळेला घरोघर लागलेले कुकर. शाळेचा लाऊडस्पीकर. वरून विमानं. विमानतळवाल्यांना निवेदन द्यावं, असं बाबांचं गंभीर मत होतं, आणि त्याचा मसुदाही त्यांनी तयार केला होता. मी त्यांना जमिनीवर आणलं. त्यांनी जमिनीवरचं पत्रक लिहायला घेतलं. आम्ही दोघं रात्रीच्या जेवणाची ताटं बाजूला सारून बसलो. मी सांगायचे, ते लिहायचे, मग मी लिहायचे आणि ते खोडायचे.

‘रहिवासी बंधू-भगिनींनो! हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे! फक्त दोन मिनिटे! हॉर्न नको! मोबाइल नको! कुकर लावू नये! लावला असल्यास शिट्टी होऊ देऊ नये! भोंगा होईपर्यंत कोणीही जागचे हलू नये! हलणाऱ्याची नोंद घेतली जाईल!’

शेवटच्या दोन ओळी बाबांच्या. हुतात्मा दिनाच्या त्यांच्या प्रत्येक पत्रकात त्या असायच्या, हात आपोआप लिहून जायचा. मीही त्या वाचल्या. लहानपणापासून पाठ होत्या. त्यात मला काही खटकलं नाही. खाली माझं नाव टाकलं : सरचिटणीस, शांतता अभियान.

मग आम्ही शांततेचा प्रचार सुरू केला. मंडळाचा कर्णा रिक्षावर बांधला आणि संध्याकाळी कॉलनीभर फिरवला. बाबा माईकवर : “शांतता! शांतता पाळा!” मी : “पाळलीच पाहिजे!” माईक मध्येच शीळ घालायचा, कुत्री मागे लागायची, तान्ही मुलं उठायची. एका खिडकीतून बाई ओरडली, “अहो, तुमच्या शांततेपायी पोराचा अभ्यास बोंबलला!” दुसऱ्या दिवशी कांबळेकाकूच गॅलरीत आल्या. “क्रांती, डोकं उठलं गं तुझ्या शांततेनं,” म्हणाल्या. पण म्हणताना त्या गॅलरीत उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. मला तेवढं पुरलं.

लोकांना आपण हुतात्म्यांविषयी उदासीन समजतो. मीही समजायचे. त्या आठवड्यात मी दारोदार गेले, आणि कुठल्याच दारात मला कोणी नाही म्हटलं नाही. ब्रेकर मशीनवाला मुकादम म्हणाला, “दो मिनट क्या, चाय का टाइम ही कर देते हैं.” इडलीवाल्याने छातीवर हात ठेवला. बायकांनी त्या दिवशी वरण आदल्या संध्याकाळी शिजवायचं कबूल केलं. या लोकांना आजवर कोणी काही मागितलंच नव्हतं. त्यांना फक्त फ्लेक्स दाखवला होता. फ्लेक्समध्ये माणसाला करण्यासारखं काही नसतं. लांबून बघायचं आणि खालून जायचं. मी हे आजही कुणाशीही भांडून सांगेन : आपल्याकडे आठवण ठेवणाऱ्यांची कमतरता नाही, आठवण आपल्या नावावर करून घेणाऱ्यांची गर्दी झालीय.

तो दगड आता आमच्या कांदिवलीच्या गॅलरीत आहे. कॉलनी पाडली तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला, गोडाऊनमध्ये सुरक्षित ठेवतो. बाबांनी एकही अक्षर न बोलता टेम्पो बोलावला. दगड वॉशिंग मशीनच्या शेजारी उभा आहे. मशीन फिरायला लागलं की तोही थोडा थरथरतो. कपडे वाळत घालताना आई त्याच्यावरून ओला टॉवेल जाऊ नये म्हणून दोरी वर ओढून घेते. मुलुंडला राहायला गेलेल्या काकू फोन करतात तेव्हा आधी आईची तब्येत विचारतात, मग दगडाची.

त्या वर्षीच्या हुतात्मा दिनाला काकू आल्या. पांढरी साडी, हातात मेणबत्ती. खुर्चीत बसल्या नाहीत, खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. घाडीकाकांनी या वेळी नारळ लांब नेऊन वाढवला. सगळी कॉलनी खाली उतरली होती. अकरा वाजता घाडीकाका माईकवर म्हणाले, “स्तब्धता सुरू,” आणि त्यांनी दोन्ही डोळे मिटले.

आधी ऐकू आला आमचाच आवाज. चपला सरकल्या, कुणाच्या तरी बांगड्या, कुणाचा तरी दमा. मग तेही बसलं. मग लांबून हायवेची घरघर आली. ती आम्ही जन्मभर ऐकत होतो, आणि तरी ती मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. खाडीकडून वारा आला. बदामाचं लाल झालेलं पान सुटलं आणि फरशीवर पापडासारखं वाजलं. तिसऱ्या मजल्यावर एक कुकर फुरफुरायला लागला. सगळ्या माना एकदम वर गेल्या. आत पावलांची धावपळ, टप्प करून गॅस बंद, आणि कुकर लांब सुस्कारा टाकून गप्प झाला. डोक्यावरून विमान गेलं. बाबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याची नोंद घेतली गेली.

दोन मिनिटं झाली असावीत. मग आणखी झाली. मग बरीच झाली.

कोणी हललं नाही. फाटकात इडलीवाला सायकल धरून उभा, हात हॉर्नपासून लांब, जणू तो तापलेला तवा आहे. रस्त्यावरचे दोन बाइकवाले आत डोकावले. एवढी माणसं मुंबईत गप्प उभी आहेत म्हणजे काहीतरी भयंकर असणार, असं समजून त्यांनी हेल्मेट काढली आणि तेही उभे राहिले. मेण दगडावरून ओघळत नावापर्यंत आलं. घाडीकाकांनी एक डोळा उघडला. चेहरा लालबुंद, शिंक दाबून धरल्यासारखा. भाषण खिशात आणि शपथ तोंडात. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उत्तरेकडे बघत होते, मान किंचित वर, कान टवकारून. त्यांच्या मागे सगळी कॉलनी त्याच दिशेला बघत होती.

मीही बघितलं. तिथे काचेची इमारत होती.

मग माझ्या लक्षात आलं. सगळे भोंग्याची वाट बघत होते. पत्रकात लिहिलं होतं ना.

स्तब्धता सुरू कोण करणार, हे ठरलं होतं. संपवायचं काम आम्ही कोणालाच दिलं नव्हतं. मी बोलू शकले असते. पण शांतता अभियानाच्या सरचिटणिसानेच शांतता मोडायची? मी तोंड उघडलं, आणि माझं लक्ष काकूंकडे गेलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. कुणालाही काही उत्तर द्यायचं नसलेला चेहरा. ओठांच्या कडेला काहीतरी हलत होतं, जणू आत कोणीतरी त्यांना काही सांगत होतं आणि त्या ऐकत होत्या. मी तोंड मिटलं. उभी कॉलनी दुपारपर्यंत उभी राहिली तरी चालेल, असं मी ठरवलं.

किती वेळाने कोण जाणे, काकूंनी डोळे उघडले. समोर सगळी माणसं एकाच दिशेला तोंड करून उभी.

“काय झालं?” त्या हळूच म्हणाल्या. “कशाची वाट बघताय?”

बाबांनी काचेच्या इमारतीकडे बोट केलं. “भोंगा,” ते कुजबुजले.

“भाऊजी,” काकू म्हणाल्या, “तो बंद पडून किती वर्षं झाली!”

बाबांचं बोट हवेतच राहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पदराआडून आवाज फुटला, आणि तो हसण्याचा होता.

आता दुसरं कोणीतरी आधी बोललं होतं. घाडीकाका शपथेतून सुटले. “धन्यवाद! बसून घ्या!” ते ओरडले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. पण काकूंनी माईक आपल्याकडे ओढून घेतला होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी हातात धरला नव्हता. उलटाच धरला. मी सुलटा करून दिला.

“हे असते ना,” काकू म्हणाल्या, “तर सगळ्यात आधी हेच फुटले असते. गप्प राहणं ह्यांना कधी जमलंच नाही. झोपेत पण नाही. रजेवर आले की असे घोरायचे, की घाडीभाऊ वरून काठी आपटायचे.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. वीरपत्नीच्या बोलण्यावर हसायचं की नाही, हे आमच्या पत्रकात नव्हतं.

“काठी नाय,” घाडीकाका म्हणाले. माईक नसताना त्यांचा आवाज इतका साधा असेल, असं मला वाटलं नव्हतं. “वरवंटो.”

मग मात्र हसू फुटलं. मागून कोणीतरी सांगितलं, दिनकर रजेवरून येताना पोरांसाठी पेढे आणायचा आणि निम्मे प्रवासातच खायचा. कोणी म्हणालं, बदामाचं झाड त्यानेच लावलं, आणि रोज उपटून बघायचा मूळ धरलं का. काकूंनाही हे ठाऊक नव्हतं. “खरंच?” म्हणत त्या सांगणाऱ्याकडे वळल्या. माझ्यासाठी दगडावरच्या अक्षरांना हळूहळू हातपाय फुटत होते.

“आणि कॅरम!” बाबा पुढे आले. त्यांचं बोट आता खाली आलं होतं. “चांगला माणूस, पण कॅरममध्ये खोटं खेळायचा. राणी बोटाने सरकवायचा!”

“परबा!” घाडीकाका बाबांवर गरजले. “दिनकराचा नाव घेव नको हां! खोटो तू! राणी तू सरकवायचंस!”

“मी? घाड्या, तू तर पावडर टाकायच्या निमित्ताने सोंगट्या हलवायचास!”

दोघं बदामाखाली आमनेसामने उभे. घाडीकाकांच्या खिशातलं भाषण अर्धं बाहेर आलेलं आणि कोणाचंच त्याकडे लक्ष नाही. लोक दोन बाजूंनी गोळा झाले. कोणीतरी साक्षीदार म्हणून इडलीवाल्यालाही आत बोलावलं. मी त्यांना आवरायला पुढे झाले, तेवढ्यात काकूंनी माझा हात धरून मला मागे ओढलं. मग खुर्ची उचलून त्या दोघांच्या जवळ नेऊन ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यावर नीट टेकून बसल्या.

“जरा जोरात भांडा हो, भाऊजी,” काकू म्हणाल्या. “मला इकडे नीट ऐकू येत नाही.”